मिलॅक्सवर मस्की: एवढ्या मोठ्या अनोळखी तलावावर सुरुवात कुठून करायची?

रेवदंडेकर

राम राम मंडळी. गणपती गेले की तीन दिवस सुट्टी काढून मिनेसोटातल्या मिलॅक्स तलावावर मस्की धरायला जायचं ठरलंय. इथे उत्तर अमेरिकेतले दोन-चार गरवणारे आहेत हे माहीत आहे, म्हणून धागा काढतोय.

माझी कुंडली अशी. बालपण रेवदंड्याच्या खाडीत तंगूस आणि गरी घेऊन गेलं. आता मुक्काम मिनियापोलिसजवळ. आधी वॉलाय, बास अशा माशांवर किरकोळ चाललं होतं. तीन वर्षांपूर्वी मिनेटोंका तलावावर गळाला लागलेला बास ओढत होतो, बोटीपासून दहा फुटांवर खालून काहीतरी आलं, बास आडवा धरला, क्षणभर तसंच थांबलं, जणू माझ्याकडे बघतंय, आणि दोरा कापून गेलं. मी मट्कन खाली बसलो. तेव्हापासून हे वेड. दोन मोसमांत मिनेटोंकावर दोन मस्की मिळाले, मोठा ४१ इंची.

अडचण अशी की मिनेटोंका आहे साधारण साडेचौदा हजार एकरांचा आणि मिलॅक्स १ लाख ३२ हजार. काल रात्री नकाशा उघडला आणि मिटून ठेवला. मिनेटोंकाला निदान वळणं, टोकं, आखातं आहेत. हे तर भाकरीसारखं गोल! माझी बोट १६ फुटी अॅल्युमिनियमची, ४० हॉर्सपॉवरचं जुनं इंजिन. सोबत एक मित्र, त्याने आयुष्यात मासा फक्त ताटात पाहिलाय. तो जाळं धरेल.

कुठून सुरुवात करू? लुअर (नकली आमिष) कुठले? वाऱ्याचं काय?

---

हिरवी_मिरची

मस्की म्हणजे काय रे भाऊ? आम्हाला सुरमई-पापलेटपलीकडे काही कळत नाही.

---

थंडीचा_पाहुणा

@हिरवी_मिरची, पूर्ण नाव मस्केलंज. पाइक कुळातला सगळ्यात मोठा मासा. लांबट अंग, बदकाच्या चोचीसारखं चपटं तोंड, आत सुयांसारखे दात. आपल्याकडच्या मरळीची सवय आठवा: गवतात दबा धरून बसायचं आणि एका झेपेत भक्ष्य उचलायचं. तोच स्वभाव, फक्त अंगाने चार-साडेचार फूट. इकडे त्याला दहा हजार फेकींचा मासा म्हणतात. विस्कॉन्सिनचा तो राज्यमासा आहे. तिथल्या हेवर्ड गावात गोड्या पाण्यातल्या मासेमारीचं संग्रहालय आहे, त्याच्या आवारात १४३ फूट लांबीचा फायबरग्लासचा मस्की उभा केलाय. जबड्यात उभं राहून लोक फोटो काढतात. आमच्या ह्यांनी पण काढलाय.

@रेवदंडेकर, मी सेंट क्लाउडची. नवरा-बायको दोघं पंधरा वर्षं मिलॅक्सला जातोय, म्हणून हक्काने सांगते. १ लाख ३२ हजार हा आकडा डोक्यातून काढून टाक. तीन दिवसांत तू फार तर तीनशे एकर नीट गरवशील. तेव्हा प्रश्न एवढाच, की कुठले तीनशे.

पहिल्या खेपेला सगळे एकच चूक करतात. सकाळी उत्तरेला, दुपारी पूर्वेला, संध्याकाळी बेटांपाशी. पेट्रोल जळतं, लुअर पाण्यात कमी आणि हवेत जास्त असतो. त्यापेक्षा एक बे (आखात) धर. दक्षिणेला कोव्ह, वाहकॉन, आयल. वायव्येला गॅरिसनजवळ विगवॉम. या सगळ्यांत पाणगवत आहे. त्यात कॅबेज नावाचं रुंद पानांचं गवत शोध (भाजीवाल्याच्या कोबीशी संबंध नाही). सप्टेंबरात बरंचसं गवत तपकिरी पडून कुजायला लागतं. ते सोड. जिथे अजून हिरवंगार आणि कुरकुरीत आहे, लुअरला अडकून आलं की काडकन मोडतं, तिथे थांब. पहिले दोन तास मासा धरायच्या भानगडीत पडूच नकोस. गवताची बाहेरची कड कुठे संपते, कुठे आत वळते, कुठे गवतात मध्येच दगड आहेत, हे जीपीएसवर खुणा करत फिर. सरळ कडेवर मासा क्वचितच असतो. तो कोपऱ्यावर, खाचेत, टोकावर असतो. चोर जसा भिंतीला लागून उभा राहत नाही, बोळाच्या तोंडाशी राहतो, तसा.

---

टोरांटोचा_टण्या

पाहुण्याबाईंशी सहमत, पण माझी पद्धत वेगळी. मी लेक सेंट क्लेअरला जातो, डेट्रॉइटच्या पलीकडे. ४३० चौरस मैल, आणि सरासरी खोली ११ फूट. तिथे कोपरा-बोळ काही नाही, सपाट मैदान. तिथे ट्रोलिंगच चालतं.

(या संस्थळावर ट्रोलिंगला मनाई आहे याची कल्पना आहे. 😀 बोटीमागे लुअर सोडून ताशी चार-पाच मैलांनी बोट चालवणं, त्याला म्हणतात.)

अनोळखी तलावावर याचा फायदा असा की दिवसभरात वीसेक मैल पाणी तुडवून होतं आणि सोनार यंत्रावर तळ बघून होतो. लहान माशांचे थवे कुठे आहेत ते कळतं. मस्की शेवटी खाण्यामागे जातो. मिलॅक्समध्ये टुलिबी नावाचा चंदेरी मासा आहे ना? तो जिथे, तिथे हा.

---

थंडीचा_पाहुणा

टुलिबी आहे, आणि मुद्दा बरोबर आहे. पण सप्टेंबरात टुलिबी मधल्या खोल पाण्यात पसरलेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो अंडी घालायला उथळ खडकांवर येतो आणि त्याच्यामागे मोठे मस्की येतात. मिनेसोटाचा वजनातला राज्यविक्रम असाच झाला. २०२१च्या २२ नोव्हेंबरला याच तलावात, ५५ पौंड १४ औंसांच्या वर. त्याआधीचा ५४ पौंडांचा विक्रम १९५७ पासून कोणी हलवला नव्हता. पण तेव्हा रीळमधलं पाणी गोठतं. रेवदंड्याच्या माणसाने पहिल्याच खेपेला ते करू नये.

मधल्या पाण्यात ट्रोलिंग करायला १६ फुटी बोट नको, हे मात्र निक्षून सांगते.

---

आंबटगोड

एक बाळबोध प्रश्न. एवढा खटाटोप करून मिळालेला मासा खातात कसा? मालवणी करता येईल का?

---

रेवदंडेकर

@आंबटगोड, खात नाही. सोडून देतो.

---

आंबटगोड

म्हणजे गळ टोचायचा, ओढायचा, फोटो काढायचा आणि सोडायचा? भूक असेल तर मी समजू शकतो. ही नुसती छळवणूक झाली. रागावू नका, पण मला हे पटत नाही.

---

रानवारा

+१. आमच्याकडे महाडजवळ वाळणकोंडीत लोक माशांना देव मानतात, हात लावत नाहीत. एक तर खा, नाही तर हात लावू नका.

---

थंडीचा_पाहुणा

पटलं पाहिजे असा आग्रह नाही. वस्तुस्थिती सांगते.

मोठा मस्की म्हणजे जवळजवळ नेहमी मादी. पन्नास इंचांपर्यंत पोचायला तिला दहा-पंधरा वर्षं लागतात. तलावात असे मासे मुळातच विरळ. १९५५च्या जुलैमध्ये इथल्या लीच लेकवर काही दिवस मस्की अक्षरशः पिसाळल्यासारखे गळाला लागले. माणसांनी ते मारून रांगेने टांगले, ते फोटो आजही हॉटेलांच्या भिंतींवर दिसतात. त्या काळी बोटीत घेण्याआधी मस्कीला गोळी घालायची पद्धत होती. १९६६ साली सेंट पॉलला मस्कीज इन्कॉर्पोरेटेड ही संस्था निघाली आणि मासा सोडायची सवय हळूहळू रुजली. आता मिनेसोटात ५४ इंचांखालचा मस्की ठेवणं बेकायदा आहे, म्हणजे व्यवहारात कोणीच ठेवत नाही.

त्रास होत नाही असं मी म्हणणार नाही. होतो. म्हणूनच पाण्याचं तापमान ८० फॅरनहाइटच्या (२७ सेल्सियस) जवळ गेलं की आम्ही बोट काढत नाही. गरम पाण्यात दमलेला मासा पोहत जाताना दिसतो आणि तासाभराने मरतो. ज्याला तेवढं थांबता येत नाही त्याला तुम्ही बोला, मी तुमच्या बाजूने आहे.

---

आंबटगोड

थांबता येणं हा मुद्दा कळला. बाकीचं अजून नाही. पण धागा त्यांचा आहे, मी गप्प बसतो आणि वाचतो.

---

टोरांटोचा_टण्या

सामानाचं राहिलं. मिनेटोंकावर चालतं तेच इथे चालेल, पण एकदा यादी ताडून बघ. साडेआठ-नऊ फुटी जाड काठी. ८० ते १०० पौंडी विणलेला दोरा. पुढे फूट-दीड फूट १३० पौंडी फ्लुरोकार्बनचा किंवा तारेचा लीडर, नाहीतर दात लागलाच म्हणून समज. लुअर तीनच ने: काळा बकटेल (दोन मोठ्या पात्यांचा), एक रबरी बुलडॉग, एक पाण्यावर फडफडणारा. पेटीत चाळीस असले की माणूस गरवत नाही, लुअर बदलत बसतो. स्वानुभव. बायको तर म्हणते माझ्या पेटीत एका जुन्या मारुतीचे पैसे आहेत.

आणि लुअरपेक्षा जास्त पैसे जाळ्यावर घाल. खोल, रबराचा मुलामा असलेलं मोठं जाळं. मासा जाळ्यात आला की जाळं पाण्यातच ठेवायचं. तिथेच लांब नोजप्लायरने गळ सोडवायचा. नाही सुटला तर जाड कटरने गळच कापायचा. तिहेरी गळ दोन डॉलरचा, मासा पंधरा वर्षांचा. आणि तो गळ तुझ्या तळहातात घुसला तरी तोच कटर कामाला येतो. फोटोसाठी आडवा धर, एक हात गालफडाखाली, एक पोटाखाली, आणि तुला स्वतःला श्वास रोखता येईल तेवढाच वेळ पाण्याबाहेर.

---

थंडीचा_पाहुणा

आता आठचा आकडा, म्हणजे फेक संपताना बोटीच्या कडेला काठीच्या टोकाने पाण्यात आठ काढायचा तो. मिनेटोंकावर करत असशीलच, पण मनापासून करतोस का? मिलॅक्सला २००५ साली झेब्रा शिंपले सापडले. तेव्हापासून ते पाणी गाळत बसलेत, आणि तलाव बराच नितळ झालाय. नितळ पाण्यात मस्की मागे मागे येतो, बघतो, आणि बोट दिसली की वळतो. शेवटचे चार फूट तुझे सगळं ठरवतात.

लीडर टोकापासून फूटभर राहिला की काठीचं टोक पाण्यात बुडव. मनगटाने नाही, कमरेतून वळ. पहिलं वळण मोठं घे, परातीएवढं नाही, बैलगाडीच्या चाकाएवढं. मासा लांब असतो, त्याला छोट्या वळणात फिरता येत नाही. प्रत्येक फेकीला दोन आठ. दिसो वा न दिसो. संध्याकाळी खांदे बोलायला लागतात तेव्हा तर नक्की, कारण नेमका तेव्हाच येतो.

आणि घेतला तर काठी वर उचलायची नाही. खाडीतल्या सवयीने हात वर जाईल. आडवी ओढ, त्याच्या तोंडाच्या उलट दिशेला. वर उचललीस की तोंडातून लुअर निघून तुझ्या टोपीत.

---

रेवदंडेकर

हे शेवटचं वाक्य छापून बोटीत चिकटवतो. वाऱ्याबद्दल कोणी बोललं नाही अजून.

---

थंडीचा_पाहुणा

मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

मिलॅक्स उथळ आहे, सगळ्यात खोल जागा ४२ फूट. वर गोल. म्हणजे कुठूनही वारा आला तरी त्याला मैलोन् मैल मोकळं पाणी मिळतं आणि उथळ तळामुळे लाटा आखूड, उभ्या होतात. समुद्राची लाट उचलते आणि खाली ठेवते. ही थपडा मारते. सप्टेंबरात थंड हवेची लाट आली की वायव्येचा वारा सुटतो आणि सगळी मार दक्षिण किनाऱ्याला बसते. तेव्हा वाहकॉनचा हट्ट धरू नका. बोट ट्रेलरवर चढवा, महामार्ग १६९ ने वर या आणि पश्चिम काठाच्या आडोशाला उतरा. अर्ध्या तासाचं काम.

वारा माशासाठी चांगला, हेही खरं. ज्या कडेवर हलक्या लाटा आपटतात तिथे पाण्यातला उजेड विखुरतो, मासा बिनधास्त होतो. पण "हलक्या" या शब्दावर भर. टोपी उडेल असा वारा सुटला की परत फिरायचं. माझ्या ओळखीतली एक बोट त्या तलावाच्या तळाशी आहे. माणसं वाचली, पुढचं सांगत नाही.

दक्षिणेच्या भागात हेनेपिन आणि स्पिरिट अशी दोन खडकाळ बेटं दिसतील. अर्ध्या एकराच्या आसपास सगळा कारभार, आणि ते चक्क राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य आहे, देशातलं सगळ्यात छोटं. तिथे पाय ठेवायला बंदी आहे, पक्ष्यांची वीण असते. मित्राला फोटोसाठी उतरवू नकोस.

---

टोरांटोचा_टण्या

आणि चंद्र. हसा खुशाल. चंद्र उगवायच्या आणि मावळायच्या अर्धा तास आगेमागे मस्की तोंड उघडतो असं सगळेच मानतात. मीही मानत नव्हतो, आता घड्याळ लावून बसतो. दिवसा जो नुसता मागे येऊन गेला त्याची जीपीएसवर खूण करायची आणि चंद्रोदयाला त्याच जागी, त्याच बाजूने, वेगळा लुअर. अनोळखी तलावावर याहून स्वस्त पत्ता मिळत नाही. माशाने स्वतः दिलेला असतो.

---

हिरवी_मिरची

अनंत चतुर्दशीनंतर जातायत म्हणजे पौर्णिमाच की! आणि लगेच पितृपक्ष. आजोबा बघत असतील वरून.

---

रेवदंडेकर

आजोबा पाग (फेकजाळं) टाकायचे. काठी घेऊन गेलो की म्हणायचे, "दिवसभर बसून एक मासा? तुला जेवायचंय की ध्यान करायचंय?" 😀

सगळ्यांचे आभार. आल्यावर वृत्तांत टाकतो.

---

रेवदंडेकर (नऊ दिवसांनी)

वृत्तांत. आकडे आधी सांगून टाकतो म्हणजे आशेवर वाचायला नको: तीन दिवस, चार मस्की मागे आले, एकाने घेतला, हातात शून्य.

दिवस पहिला. वाहकॉनच्या धक्क्यावर बोट उतरवली. मित्र म्हणाला, "पाण्यात थंडगार वाटतंय रे पायाला." मी म्हटलं सप्टेंबर आहे. मग खाली बघितलं. मिनेसोटात बोट रस्त्याने नेताना तळाचं बूच काढून ठेवायचा कायदा आहे, एका तलावाचे शिंपले दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. मी कायदा पाळला होता. बूच माझ्या जॅकेटच्या खिशात होतं. पुढचा अर्धा तास दोघं पाणी उपसत होतो आणि धक्क्यावरचे एक म्हातारे गृहस्थ कॉफी पीत बघत होते. जाताना म्हणाले, "सगळ्यांचं एकदा होतं."

तोवर वायव्येचा वारा सुटला. पाहुण्याताईंचं ऐकलं, बोट चढवली, विगवॉमला गेलो. नुसत्या खुणा करत फिरलो. हिरवं गवत मिळालं, आणि खरंच काडकन मोडतं. एका ठिकाणी गवताची कड आत वळते आणि त्या खाचेच्या तोंडाशी टेबलाएवढे तीन-चार खडक. त्याला मित्राने नाव दिलं "पानटपरी".

दिवस दुसरा. सकाळी अकराला पानटपरीवर पहिला आला. बुलडॉगच्या मागे, तपकिरी सावलीसारखा. आठ केला, तो खाली बुडाला. दुपारी तिथेच दुसरा, का तोच, कोण जाणे. मित्र तोपर्यंत फोनवर होता. मासा बघितल्यावर त्याने फोन खिशात टाकला तो परत निघेपर्यंत बाहेर काढला नाही.

चंद्रोदय पावणेआठच्या सुमाराला होता. सव्वासातला इंजिन बंद करून पोचलो, काळा बकटेल लावला. वारा पडलेला. पूर्वेला तांबडा गोळा वर येत होता, आणि लांबवर लून पक्षी ओरडत होता, त्याने मित्र दोनदा दचकला. सातवी-आठवी फेक असेल. बोटीपाशी काही दिसलं नाही, अंधारच होता. तरी आठ केला. पहिलं वळण, दुसरं वळण, आणि काठी थांबली. ओढली गेली नाही, थांबली. खडकात अडकल्यासारखी. मग खडक हलला.

मी काठी वर उचलली.

हो. छापून चिकटवलं होतं, बॅटरीच्या झाकणावर. माझ्या गुडघ्यापासून एक फुटावर. चाळीस वर्षांचा हात, खाडीतली सवय. मासा वर आला, डोकं दोनदा झटकलं, टॉर्चच्या उजेडात गालफडाची पांढरी बाजू दिसली, माझ्या पंजापेक्षा रुंद. बकटेल माझ्या कानाजवळून गेला आणि बोटीत खण्णकन आपटला. मित्र जाळं धरून तसाच उभा. मिनिटभराने म्हणाला, "आता मी हे खाली ठेवू का?"

दिवस तिसरा. पानटपरीवर पाच वेळा गेलो. दुपारी एक छोटा मागे आला, तीस-बत्तीस इंची. संध्याकाळी कडेच्या दुसऱ्या खाचेत एक मोठा, बघून गेला. बस.

तलावाचा बाकीचा सगळा भाग मी पाहिलेलाच नाही. विगवॉमची मात्र अडीचशेक एकरांची कड आता पाठ आहे.

---

थंडीचा_पाहुणा

पहिल्या खेपेला चार मागे आणि एक झटका! आमच्या पहिल्या दोन वर्षांत एवढं नव्हतं. खडकांची खूण जपून ठेव, ऑक्टोबरात गवत बसलं की तेच खडक चालतात. आणि हाताची सवय घरी मोडायची. आमचे हे रोज अंगणात झाडू धरून आडवे ओढायचे, शेजाऱ्यांना वाटायचं काहीतरी मंत्रतंत्र आहे.

---

आंबटगोड

मी गप्प बसणार होतो. पण तो वर आल्याचा परिच्छेद दोनदा वाचला. मत बदललेलं नाही. ते गालफड तेवढं डोळ्यांपुढून जात नाहीये.

---

टोरांटोचा_टण्या

मित्राचं काय? परत येतोय?

---

रेवदंडेकर

त्याने काल स्वतःची काठी घेतली. नऊ फुटी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी परत निघतोय, पानटपरीवरच. बोटीत एक जागा रिकामी आहे, कोणाला यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बूच कोणी लावायचं ते आधीच ठरलंय, तो लावणार आहे.